गाडी जुनी, सुटे भाग नवे

श्रोतेहो, मोटार विम्याच्या दाव्यांची पाहणी करणारा सर्व्हेअर म्हणून मी सत्तावीस वर्षे काम केले. मोडलेल्या गाड्या पाहणे हा माझा व्यवसाय होता आणि नात्यागोत्यातल्या मंडळींना धडधाकट गाड्या पाहून देणे हा त्यातून मागे लागलेला बिनपगारी उद्योग. या उद्योगात अलीकडे एकच फर्माईश वरचेवर येते : "काका, पाच-साडेपाच लाखांत नवी घ्यायची तर अगदीच लहान गाडी मिळते. त्यापेक्षा जुनी आय-ट्वेंटी, बलेनो, जॅझ किंवा पोलो बघू या." ही फर्माईश मुळीच गैर नाही. तिच्यातला एक हिशेब मात्र बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात, आणि आज मला बोलायचे आहे ते त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल.

ही प्रीमियम हॅचबॅक, म्हणजे वेगळी डिक्की बाहेर न आलेल्या पण ऐटबाज लहान गाड्यांची जात आपल्याकडे फोफावली ती करामुळे. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोल असल्यास 1200, डिझेल असल्यास 1500 सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, आणि मोठ्या गाडीतले जे जे काही या मापात कोंबता येईल ते कोंबण्याची चढाओढ लागली. 2008 च्या अखेरीस आय-ट्वेंटी आली, 2009 मध्ये जॅझ, 2010 मध्ये आपल्या चाकणच्या कारखान्यात तयार झालेली पोलो, 2015 मध्ये बलेनो आणि 2020 मध्ये अल्ट्रोझ. टर्बो इंजिन, स्वयंचलित गियरबॉक्स, टचस्क्रीन, सहा एअरबॅग अशा एकेकाळी लांबलचक गाड्यांत असणाऱ्या गोष्टी या आखूड गाड्यांत आल्या. यांतली कोणतीही गाडी सात-आठ वर्षांनी निम्म्याहून कमी किमतीत मिळते, हे खरे आहे. पण उतरते ती गाडीची किंमत. तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. दहा लाखांची गाडी तुम्ही चार लाखांत घेतलीत, तरी तिचा हेडलॅम्प फुटल्यावर काउंटरवरचा माणूस दहा लाखांच्या गाडीच्या हेडलॅम्पचेच बिल फाडणार.

यावर कोणी म्हणेल, त्यासाठी विमा असतो की! इथे मला माझ्या जुन्या धंद्यातले कोष्टक सांगितले पाहिजे. विमा कंपनी दावा देताना बदललेल्या भागांवर घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, कापते. धातूच्या भागांवर तो वयानुसार चढत जातो आणि पाच वर्षांनंतर 40 टक्के, दहा वर्षांनंतर 50 टक्के होतो. पण रबर, प्लास्टिक, नायलॉन, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर गाडीचे वय न बघता सरसकट 50 टक्के. आता या गाड्यांचे तोंड आठवून पाहा. बंपर प्लास्टिकचा, जाळी प्लास्टिकची, दिवे प्लास्टिकचे. सिग्नलला समोरच्या टेम्पोवर हळूच आदळलेल्या गाडीचे बिल बव्हंशी याच खात्यात जाते आणि त्यातला निम्मा वाटा मालकाच्या खिशातून जातो. घसारा न कापण्याचे जादा संरक्षण मिळते, पण गाडी पाच-सात वर्षांची झाली की बहुतेक कंपन्या ते द्यायला खळखळ करतात. म्हणजे जुनी गाडी घेणाऱ्याला ज्या वयात त्याची गरज, नेमके त्याच वयात ते हातचे सुटते.

म्हणून मी आधी मॉडेल विचारत नाही, इंजिन आणि गियरबॉक्स विचारतो. पोलोचेच उदाहरण घ्या. ती 2022 मध्ये बंद झाली आणि बारा वर्षांत तिचा चेहरा इतका थोडा बदलला, की लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. पण 2013 च्या जीटी टीएसआय या टर्बो पेट्रोल प्रकारात कोरड्या दुहेरी क्लचचा सात गतींचा डीएसजी नावाचा स्वयंचलित गियरबॉक्स आहे, तर 2020 नंतरच्या एक लिटर टीएसआयमध्ये नेहमीचा, क्लचऐवजी तेलातून जोर पोहोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरवाला सहा गतींचा. पहिला चालवायला झकास. पण त्याचा क्लच किंवा मेकॅट्रॉनिक नावाचा नियंत्रक गेला, तर खर्चाचा आकडा ऐकून माणूस खुर्चीत बसतो. त्या गाडीची चाचणी मोकळ्या महामार्गावर घेऊन काही कळत नाही. ती संध्याकाळी सहाला कर्वे रस्त्यावर, पहिल्या-दुसऱ्या गियरच्या रांगणाऱ्या गर्दीत घ्यावी, आणि मग एखाद्या सोसायटीच्या चढावर गाडी रिव्हर्समध्ये हळूहळू न्यावी. थरथर आली, हिसका बसला, की नमस्कार करून परत द्यावी. बलेनोतही हाच प्रकार आहे : 2022 पूर्वीच्या स्वयंचलित बलेनोत सीव्हीटी, म्हणजे पट्ट्यावर चालणारा, टप्पे नसलेला गियरबॉक्स आहे आणि नंतरच्या गाडीत एजीएस, म्हणजे हाती गियरबॉक्सच, फक्त क्लच आणि गियर यंत्र बदलते. साध्या हाती गियरच्या पेट्रोल गाडीला मी झुकते माप देतो, हा माझा पक्षपात समजा हवा तर.

आता एक प्रत्यक्ष प्रसंग. भाच्यासाठी गाडी पाहायला कोथरूडच्या एका पार्किंगमध्ये गेलो होतो. 2017 ची, पांढरी, अठ्ठावीस हजार किलोमीटर, आणि नेहमीप्रमाणे "डॉक्टरांची गाडी, फक्त दवाखान्यात जायची यायची." (पुण्यात डॉक्टरांनी विकलेल्या गाड्यांची संख्या पाहता शहरात डॉक्टर किती असावेत याचे मला नेहमी नवल वाटते.) मी आधी टायर पाहिले. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. तिथे 3420 होते, चारही चाकांवर, म्हणजे 2020 च्या चौतिसाव्या आठवड्यातले. टायर साधारण चाळीस हजार किलोमीटर तरी जातात. मग अठ्ठावीस हजार चाललेल्या गाडीचे चारही टायर तीन वर्षांतच का बदलावे लागले? मग बॉनेट उघडले. त्याच्या बिजागरीच्या बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग पान्याने खरवडलेला होता. कारखान्यातून निघालेला बोल्ट कोणी सोडला नाही, तर त्यावरचा रंग अखंड राहतो. शेवटी मागच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला. एरवी कोणी तो टोकापर्यंत ओढत नाही, त्यामुळे धुणाऱ्याचा हातही तिथे पोहोचत नाही. शेवटच्या वीतभर भागावर करड्या गाळाची सरळ रेघ होती. डिक्कीतली स्टेपनी उचलली, तर खालच्या खळग्याच्या कडेला बोटाला लागेल अशी रेव. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबील ओढ्याच्या पुराने काय केले ते मी दावे तपासताना पाहिले आहे. त्याच वर्षी सांगली-कोल्हापूरला पूर आला, 2021 मध्ये चिपळूणला. त्या पाण्यात बुडून विम्यात निकाली निघालेल्या गाड्या लिलावात जातात, आणि त्यांतल्या काही न्हाऊन-माखून पुन्हा बाजारात येतात. ही नेमकी कुठल्या पाण्यातली, ते मला सांगता आले नसते. विकणारा म्हणाला, "काका, आतून पूर्ण ड्रायक्लीन केलीय हो." त्याचे खोटे नव्हते. आम्ही चहा पिऊन निघालो.

किमतीबद्दल थोडक्यात सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून या मापाच्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्के आणि वर उपकर होता, तो 18 टक्के झाला. त्यामुळे तुमच्या समोरचा मालक त्याने तेव्हा मोजलेली किंमत धरून बसला असेल, तर त्याला आजच्या नव्या गाडीची ऑन-रोड किंमत शांतपणे दाखवावी.

कागदपत्रांत मात्र घाई नको. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावर, बँकेच्या कर्जाचा बोजा असेल, तर तो उतरवण्याचा, बँकेच्या सहीचा फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या की काम संपले असे समजून लोक महिनोन् महिने एजंटावर विसंबतात. कायद्याने घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओकडे नोंद करायची असते. विम्याचे तर त्याहून नाजूक. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 प्रमाणे पॉलिसी गाडीबरोबर हस्तांतरित झाली असे मानले जाते, पण ते तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरते. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे हवे असतील, तर पॉलिसी तुमच्या नावावर झालेली हवी आणि त्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळालेली सूट, त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. त्या थोड्या पैशांसाठी चालढकल केलेल्या माणसाचा दावा नाकारण्याचा अहवाल मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे, आणि तो गृहस्थ समोर बसलेला होता.

शेवटी ताबा घेताना. प्रलंबित ई-चलने ऑनलाइन तपासून विकणाऱ्याकडून तिथल्या तिथे भरून घ्यावीत, आणि ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी, दोघांच्या सह्यांनिशी. दुपारी चारला गाडी घेतली असेल, तर सकाळी अकराला तोडलेला सिग्नल कोणाचा, हे त्या एका ओळीवरून ठरते.