रूट न होताही हेरगिरी होते

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर व्हायरस वगैरे काही येत नाही, कारण रूटचा (म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य वापरकर्त्याचा) पासवर्ड आपल्याकडेच असतो, असं आपण एकमेकांना सांगत आलो आहोत. सर्व्हर सांभाळणाऱ्याला हे थोडंफार लागू पडतं. डेस्कटॉपवर मात्र हेराला रूट हवाय कशाला? त्याला हव्यात तुमच्या फायली, एसएसएच किल्ल्या (दूरच्या सर्व्हरमध्ये शिरायच्या किल्ली-फायली), ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. हे सगळं होम फोल्डरमध्येच, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्येच असतं, आणि तुमच्या नावाने चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला ते वाचता येतं. फायरफॉक्सला प्रायमरी पासवर्ड (साठवलेल्या पासवर्डांवरचं कुलूप) लावलेला नसेल, तर दोन फायली उचलल्या की सगळे पासवर्ड उघडे.

आता हा हेर आत शिरतो कसा ते पाहू. ट्रान्सपरंट ट्राइब हा हॅकरांचा गट पाकिस्तानशी संबंधित मानला जातो. त्याने भारतीय सरकारी कार्यालयांतल्या लिनक्सवर, त्यात सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेच्या बॉस लिनक्सवरही, नेम धरल्याचे अहवाल ऑगस्ट 2025 मध्ये आले. ईमेलमधून झिप येते. आत बैठकीची सूचना वाटावी अशी एक फाइल. चित्र पीडीएफचं, नावातही पीडीएफ, पण नावाचा खरा शेवट आहे डॉट डेस्कटॉप, म्हणजे मेन्यूत आयकॉन दाखवणारी साधी मजकूर-फाइल. तिच्यात 'एक्झेक' नावाची ओळ असते आणि त्या ओळीत जे लिहिलंय ते चालतं. इथे त्या ओळीने एका बाजूला हेर-प्रोग्रॅम उतरवला आणि दुसऱ्या बाजूला फायरफॉक्समध्ये खरोखरची पीडीएफ उघडली. वाचणाऱ्याला संशय यायला जागाच नाही. 'टर्मिनल' या ओळीपुढे 'फॉल्स' लिहिलेलं, म्हणून आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, म्हणजे टर्मिनल, हीही दिसत नाही. अशी फाइल आली तर डबल-क्लिक नको. टर्मिनलमध्ये ग्रेप (हवी ती ओळ शोधणारी आज्ञा) लावून फक्त एक्झेकची ओळ काढा. कॅट (अख्खी फाइल पडद्यावर ओतणारी आज्ञा) करू नका, कारण 2023 च्या काही नमुन्यांत लाखो हॅश चिन्हं भरून फाइल एक एमबीच्या वर फुगवली होती.

एकदा आत आल्यावर काय चालतं, याचा चांगला नमुना म्हणजे जुलै 2019 मध्ये इंटेझर या सुरक्षा कंपनीने उजेडात आणलेला एव्हिलग्नोम हा हेर-प्रोग्रॅम. ग्नोम शेल या डेस्कटॉपचं एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्रॅम) असल्याची बतावणी करून तो होममधल्या डॉट-कॅश फोल्डरमध्ये बसायचा. एक भाग पल्सऑडिओतून (लिनक्सच्या आवाज-व्यवस्थेतून) माइक ऐकायचा, दुसरा स्क्रीनचे फोटो काढायचा, तिसरा नव्या फायली हुडकायचा. कीबोर्डच्या कळा टिपणारा भाग अर्धवटच होता. क्रॉनटॅब (ठरल्या वेळी कामं चालवणारी यादी) दर मिनिटाला बघायचा की प्रोग्रॅम जिवंत आहे ना. मेला असेल तर पुन्हा उठवायचा. या सगळ्यात सुडो, म्हणजे रूटचे अधिकार मागणारी आज्ञा, कुठेच नाही.

कळा टिपणं किती सोपं आहे ते स्वतः करून बघा. एक्स-इलेव्हनच्या (पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या जुन्या व्यवस्थेच्या) सत्रात टर्मिनल उघडून 'एक्सइनपुट टेस्ट-एक्सआयटू डॅशडॅश-रूट' चालवा आणि दुसऱ्या खिडकीत काहीही टाइप करा. प्रत्येक कळेचा क्रमांक टर्मिनलमध्ये पडत जाईल. (त्यातलं 'रूट' म्हणजे मूळ खिडकी, रूट वापरकर्ता नव्हे.) वेलँड या नव्या व्यवस्थेवर हे सहसा होत नाही, स्क्रीनशॉटलाही बहुधा परवानगी लागते, जुन्या ग्राफिक्स कार्डाची अडचण नसेल तर वेलँडच वापरा. माइकचं दार मात्र तिथेही उघडंच: सँडबॉक्सबाहेरच्या (म्हणजे बंदिस्त करून न चालवलेल्या) प्रोग्रॅमला आवाज घेताना कुणी विचारत नाही.

तपासायच्या जागा मोजक्या आहेत. 'क्रॉनटॅब डॅश-एल'. मग होममधल्या डॉट-कॉन्फिगखालचं ऑटोस्टार्ट. मग वेळापत्रकावर चालणारे टायमर दाखवणारी 'सिस्टमसीटीएल डॅशडॅश-यूजर लिस्ट-टायमर्स'. बॅशआरसी आणि प्रोफाइल या टर्मिनल किंवा लॉगिनबरोबर चालणाऱ्या फायलींच्या शेवटच्या ओळी. एखादी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) ओळखीची वाटत नसेल, तर प्रॉक फोल्डरमध्ये तिच्या क्रमांकाखाली 'एक्सई' ही लिंक कुठे जाते ते बघा. कॅशमध्ये किंवा टेम्पमध्ये जात असेल तर कान टवकारा. नाव काय, सिस्टिमच्या खऱ्या प्रोग्रॅमसारखं 'क्रॉनडी' असंही ठेवता येतं. फ्री डाउनलोड मॅनेजर या प्रोग्रॅमच्या भेसळ केलेल्या डेब पॅकेजने (इन्स्टॉल करायच्या फायलीने) तेच केलं होतं. 2020 ते 2022 या काळात संकेतस्थळावरच्या काही जणांना दुसऱ्याच पत्त्यावर वळवून ते पॅकेज दिलं गेलं, आणि हा प्रकार बाहेर आला सप्टेंबर 2023 मध्ये. इथे तर रूटही वापरकर्त्यानेच दिला होता, कारण डेबमधली इन्स्टॉलनंतरची स्क्रिप्ट रूट म्हणूनच चालते. म्हणून ईटीसीमधलं क्रॉन-डॉट-डी फोल्डरही बघायचं.

सापडलं तर लोक घाईने आधी प्रोसेस मारतात, आणि मिनिटभरात ती परत येते. आधी नेटवर्क तोडा, मग क्रॉनची ओळ किंवा टायमर काढा, मग प्रोसेस, शेवटी फाइल. तिची प्रत मात्र तपासासाठी पेनड्राइव्हवर ठेवा. रूटने चाललेलं काही असेल तर साफसफाईच्या भानगडीत न पडता नव्याने इन्स्टॉल करा. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला आणि प्रत्येक खात्यातून 'सर्व ठिकाणांहून साइन आउट' करा, कारण चोरलेल्या कुकीला (ब्राउझरमधल्या लॉगिनच्या खुणेला) पासवर्ड लागतच नाही. एसएसएच किल्ली नवी केलीत, तरी सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड-कीज या चालणाऱ्या किल्ल्यांच्या फायलीतून जुनी काढायची राहून जाते.