तीस सेकंदांचं पान

(दृश्य: वाशीचं भाजी मार्केट, रात्र)

पहाटेचे तीन. वाशीच्या भाजी मार्केटात कोबीच्या गोण्या उतरतायत. मागे ट्रकांची रांग लागलीय. आणि या टेम्पोच्या केबिनमध्ये, स्टिअरिंगवर डोकं टेकून, काका झोपलेत. माल भरेपर्यंतची वीस मिनिटं त्यांची. घोरण्याचा आवाज काचेबाहेर येतोय. गोण्या भरणारा हसून म्हणतो, "काकांना कुठंही झोप लागते. नशीबवान माणूस."

घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात. काकूही पंधरा वर्षं तेच म्हणत होत्या. मग एका रात्री त्यांच्या लक्षात आलं, की मध्येच घोरणं थांबतं, आणि त्यासोबत श्वाससुद्धा.

(दृश्य: स्लीप लॅब, टेपचा क्लोजअप)

नवी मुंबईतल्याच एका रुग्णालयातली ही खोली. एक पलंग, एक एसी, भिंतीवर अंधारात बघणारा कॅमेरा. आज काकांनी टेम्पो सोसायटीत उभा करून ठेवलाय.

हा शिंप्याचा टेप नीट बघा. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर इथल्या तंत्रज्ञ ताई मोजतायत. त्याच्या दहा आणि वीस टक्क्यांवर लाल पेन्सिलीनं खुणा. डोकं लहान असो की मोठं, तार मेंदूच्या त्याच भागावर बसते, कारण माप टक्क्यांत आहे. जगभर हीच पद्धत चालते. खुणेवरची त्वचा घासायची, पेस्ट लावायची, वाटीसारखी छोटी चकती दाबायची. कपाळ, टाळू, डोक्याची मागची बाजू. मग डोळ्यांच्या कडेला. मग हनुवटीखाली. छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजनची चिमटी, पोटऱ्यांना तारा. पाऊण तास गेला. ताईंचा हात एकदाही घाईत पडला नाही.

"काका, डोळे मिटा. आता उघडा. मान न हलवता डावीकडे बघा, उजवीकडे बघा. दात आवळा. थोडं घोरून दाखवा."

काका घोरून दाखवतात. शेजारच्या खोलीत पडद्यावरची रेघ थरथरते. सगळ्या तारा बोलू लागल्या.

(दृश्य: मॉनिटर, फक्त रेघा)

मेंदूतली ही वीज माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा टिपली हान्स बर्गर यांनी, जर्मनीत, १९२४ साली. तेव्हापासून झोप बाहेरून बघता येऊ लागली.

डोळे मिटून पडलेल्या जाग्या माणसाची ही लहर, सेकंदाला आठ ते तेरा वेळा. आता ती विरतेय. डोळे संथ फिरतायत. ही पेंग, पहिला टप्पा, एन १. या क्षणी उठवलं तर माणूस म्हणतो, मी जागाच होतो.

आणि हे बघा. अर्ध्या-एक सेकंदाचा दाट झुबका, मधे फुगलेला, दोन्हीकडे निमुळता, चातीवर गुंडाळलेल्या सुतासारखा. याला स्पिंडल म्हणतात. तो दिसला की एन २. रात्रीचा जवळपास निम्मा वेळ यातच जातो.

त्यानंतर यायला हव्यात संथ, उंच लाटा. तीस सेकंदांत किमान सहा सेकंद त्या दिसल्या तर एन ३, खरी गाढ झोप. ही पलीकडच्या खोलीतल्या तरुणाची नोंद आहे. लाटा बघा, भरतीच्या खाडीसारख्या.

तीस सेकंदच का? पूर्वी या रेघा उमटणारा कागद सेकंदाला एक सेंटिमीटर सरकायचा आणि पान तीस सेंटिमीटरचं असायचं. कागद गेला, पान राहिलं. आठ तासांची झोप म्हणजे ९६० पानं, २८८ मीटर. ठाणे-वाशी मार्गावरच्या बारा डब्यांच्या लोकलपेक्षा लांब. तंत्रज्ञ आजही एकेक पान बघून टप्पा ठरवतात. मनगटावरचं घड्याळ हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतं. मेंदूची लहर त्याला दिसत नाही.

चौथा टप्पा सापडला तो शिकागोत. युजीन अ‍ॅसरिन्स्की या विद्यार्थ्यानं आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांशी तारा लावल्या, आणि झोपलेल्या मुलाचे डोळे पापणीआड झरझर फिरताना दिसले. त्याला वाटलं यंत्र बिघडलं. १९५३ साली त्यानं आणि त्याचे गुरू क्लाइटमन यांनी ते जगासमोर मांडलं. आरईएम, म्हणजे रॅपिड आय मूव्हमेंट, झरझर फिरणाऱ्या डोळ्यांची झोप. मेंदू जाग्यासारखा, स्वप्नं रंगलेली, आणि स्नायू पूर्ण सैल. म्हणून हनुवटीखाली तार असते, तिची रेघ इथे सपाट होते. घशाचे स्नायूही सैल पडतात.

(दृश्य: काकांची नोंद, रात्री १२:५०)

आता काकांचं पान. पोटाचा पट्टा हलतोय, छातीचा हलतोय. नाकाची रेघ सरळ. घसा मिटलाय, हवा आत जात नाही. दहा सेकंद. वीस. एकतीस. ऑक्सिजन उतरतोय. मग मेंदूच्या रेघांत स्फोट, एक मोठा घोर, आणि श्वास परत. त्यांना जाग आल्याचं कळलंसुद्धा नाही. पुढचं पान तसंच. त्याच्या पुढचंही. गाढ झोपेच्या लाटा जमायच्या आत मोडतात.

झोपेत श्वास असा अडण्याच्या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. तासाला असं तीसहून अधिक वेळा झालं, तर तो तीव्र मानतात. काकांची तासाची मोजणी पहिल्या दोन तासांतच त्यापलीकडे गेली. असा माणूस दिवसा पेंगतो, रक्तदाब वाढतो, आणि हा माणूस ठाणे-बेलापूर रस्त्यावर टेम्पो चालवतो.

(दृश्य: रात्री २:१०. ताई मास्क चढवतात. इथे निवेदन नाही. दाराशी उभ्या काकूंचा चेहरा पूर्ण ठेवावा.)

मास्कमधून हवेचा हलका दाब घशाला उघडा ठेवतो. घोरणं थांबलं. नाकाची रेघ पट्ट्यांच्या तालात आली.

२:५२. एन ३. पहिलं पान. दुसरं. तिसरं.

(दृश्य: लाटा, आवाजासह, पूर्ण चाळीस सेकंद.)