डायव्हिंग करून 'दुसऱ्या दिवशी' फ्लाइट? आधी तास मोजा!

नमस्कार मंडळी! अंदमानच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न आज घेतेच, "ताई, आदल्या दिवशी स्कूबा करून दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लाइट पकडली तर चालेल ना?" आणि त्याखाली लगेच कुणीतरी उत्तर देऊन मोकळं, "चालतंय की, मध्ये अख्खी रात्र जाते." मला त्या रात्रीबद्दलच बोलायचंय.

बेसिक पटकन सांगते. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतकं प्रेशर वाढतं, तुम्ही टाकीतून तेवढ्याच प्रेशरची हवा घेता आणि त्यातला नायट्रोजन अंगात मुरतो. वर आलात की तो हळूहळू श्वासातून निघून जातो. पण प्रेशर झटकन उतरलं तर त्याचे बुडबुडे होतात, गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर येतात ना तसेच, मग सांधे ठणकतात, मुंग्या येतात, आणि मज्जारज्जूला धक्का बसला तर पायसुद्धा लुळे पडू शकतात. हा डीकॉम्प्रेशन सिकनेस, डायव्हर लोक बेंड्स म्हणतात. १८७० च्या दशकात ब्रुकलिन ब्रिजचा पाया खणताना दाबाखालच्या हवेत काम करणाऱ्या मजुरांना हेच व्हायचं, चीफ इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग तर त्यामुळे अंथरुणाला खिळले.

आता म्हणाल, विमानात प्रेशर असतं की! असतं, पण समुद्रकिनाऱ्यावरचं नसतं. केबिनमधली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तेवढी विरळ असते, आपलं महाबळेश्वर १३०० च्या पुढे, तर त्याच्याही वर. वेफर्सचं पाकीट विमानात टम्म फुगतं ते त्यामुळेच. म्हणजे अंगातला नायट्रोजन अजून निघतोय आणि तुम्ही आणखी वर निघालात.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणारी संस्था, तिची शिफारस अशी: साधी एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा रोज रोज डाइव्ह केल्या असतील तर किमान १८, आणि वर येताना डीकॉम्प्रेशनचे थांबे (नायट्रोजन निघून जावा म्हणून मध्येच थांबणं) घ्यावे लागले असतील तर त्याहून बरेच जास्त. मी सरसकट २४ धरते.

आणि हे तास शेवटच्या डाइव्हमधून डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हापासून टेकऑफपर्यंत. हॉटेलवर पोचल्यापासून नाही, मुंबईत उतरेपर्यंत तर नाहीच. माझ्या मावसभावाने हॅवलॉकला तीन दिवस डाइव्ह केल्या, शेवटची संपली दुपारी साडेतीनला, फ्लाइट सकाळी साडेसातची. बोटावर मोजा, १६ तास! रात्र गेली, झोप झाली, नाश्ता झाला, तरी १६ च. विमानात खांदा दुखायला लागला, त्याला वाटलं टाकी उचलून लचकला, घरी दोन दिवस बाम चोळत बसला. बोटं बधिर झाल्यावर डॉक्टरकडे गेला तर तिथेही डायव्हिंगचं सांगायचंच विसरला, ते मी फोनवर सांगितलं तेव्हा कुठे ऑक्सिजन आणि प्रेशर चेंबरची ट्रीटमेंट सुरू झाली. आता बरा आहे. पण ते दोन दिवस आठवले की मला अजून कसंतरी होतं, म्हणून सांगते, "दुसऱ्या दिवशी" हा शब्दच वापरू नका, घड्याळ बघून तास मोजा.

कॉमेंटमधलं बाकीचं. स्नॉर्केलिंगला, म्हणजे पाण्यावर तरंगत नळीने श्वास घेतो त्याला, ही भानगड नाही, तिथे दाबाची हवा घेतच नाही आपण. जाताना विमानाने जाऊन मग डाइव्ह केली तर बेंड्सची अडचण नाही. "लेहला उतरल्यावर डोकं दुखतं ते हेच का?" बऱ्याच जणांनी विचारलंय, तर नाही, तो विरळ हवेचा, कमी ऑक्सिजनचा त्रास, त्याचे उपाय वेगळे, दोन्हीची गल्लत करू नका. आणि तारकर्लीवाल्यांनो, तिथली टुरिस्ट डाइव्ह उथळ असते म्हणून धोका कमी, पण सर्टिफाइड असाल, दोन-तीन खोल डाइव्ह केल्या असतील आणि लगेच आंबोली घाट चढून घरी निघणार असाल, तर घाट ७०० मीटरच्या आसपास जातो, तेव्हा मुक्काम करा, सकाळी निघा. तिथेही तास मोजूनच हां!

भाऊ जानेवारीत परत चाललाय. शेवटचा दिवस त्याने सेल्युलर जेलसाठी ठेवलाय. तिकीट काढायच्या आधी मला टाइमटेबल पाठवलं, मी मोजले, २७ तास भरले, तेव्हा म्हटलं, कर बुक.