बेल्ट हाडावर बसला पाहिजे

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवते, गेली 18 वर्षं लोकांना क्लच-ब्रेक शिकवतेय, पण आज मला गाडी चालवण्याबद्दल नाही, गाडीत बसण्याबद्दल बोलायचंय, कारण चालवायला शिकायला सगळे येतात आणि बसायचं कसं हे कोणी कोणाला सांगतच नाही.

मागच्या महिन्यात एक काका त्यांची गाडी घेऊन आले, मागे काकू आणि सूनबाई. म्हटलं काकू, बेल्ट लावा. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच खेचला, पण अडकवायचा कुठे, बकलच सापडेना! सीट कव्हर घालताना दुकानवाल्याने तिन्ही बकलं सीटखाली दाबून टाकलेली, वरून छान रेक्झिन. गाडी घेऊन चार महिने झालेले आणि घरात एकालाही पत्ता नव्हता, म्हंजे चार महिन्यांत मागे एकदाही कोणी बेल्ट लावला नव्हता. आम्ही तिथेच कव्हर उचकटून बकलं वर काढली. तुमच्या गाडीतही एकदा बघा, मला असल्या गाड्या दर आठवड्याला दिसतात.

मागे बसलंय म्हणजे काय होतंय, हे डोक्यातून जातच नाही आपल्या. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री बसलेल्या गाडीचा अपघात झाला, मिस्त्री धरून मागचे दोघं गेले, पुढचे दोघं जबर जखमी झाले पण वाचले, आणि मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागातली होती, एअरबॅग होत्या, सगळं होतं. त्याआधी 2014 च्या जूनमध्ये दिल्लीत गाडीच्या अपघातात गोपीनाथ मुंडे साहेब गेले, तेही मागच्याच सीटवर होते. गाडी 80 ला असेल तर बेल्ट न लावलेला मागचा माणूस त्याच 80 च्या स्पीडने पुढच्या सीटवर जाऊन आदळतो, आणि पुढच्याने बेल्ट लावला असला तरी तो मधे चेपला जातो. आता कायद्याने मागेही बेल्ट लागतो, नसला तर 1000 रुपये दंड, पण मला दंडाचं काही पडलेलं नाही, मला त्या पुढच्या माणसाची काळजी वाटते.

बरं, लावला तरी बरोबर लावलाय का? बेल्ट हाडावर बसला पाहिजे. खालचा पट्टा पोटावर नाही, खाली, मांड्या जिथे सुरू होतात तिथे कमरेच्या हाडांवर, आणि वरचा पट्टा खांद्याच्या हाडावरून छातीच्या मधून. हाडं झटका सोसतात, पोटात आतडी आहेत, लिव्हर आहे, ती सोसत नाहीत. आमच्याकडे साडीतल्या बायका बेल्ट निऱ्यांच्या वरून घेतात, तो बरोबर पोटावर बसतो, तर निऱ्या थोड्या सपाट करून पट्टा खाली सरकवायचा आणि मग वरचा भाग ओढून ढिलाई काढायची. पोट सुटलेल्या पुरुषांनाही हेच, पोट उचला आणि पट्टा खाली घ्या, लाजायचं काय त्यात. काही जण गळ्याला काचतो म्हणून वरचा पट्टा काखेखालून घेतात, हे अजिबात नको, त्याने बरगड्या मोडून आत घुसू शकतात. गळ्याला काचत असेल तर दाराजवळच्या खांब्यावर पट्टा वरखाली करायची सोय बऱ्याच गाड्यांत असते, ती वापरा, किंवा सीट उंच करा. आणि लांबच्या प्रवासात सीट पार मागे पाडून झोपू नका हो, झटक्याला माणूस पट्ट्याखालून सरकून जातो आणि पट्टा पोटात नाहीतर गळ्यात बसतो.

गरोदर बायकांनी तर लावायचाच. खालचा पट्टा पोटाच्या खालून, वरचा छातीच्या मधून पोटाच्या बाजूने. बाळाला दाबेल ही भीती मी समजू शकते, मलाही वाटली होती, पण बाळ वाचायचं तर आधी आई वाचली पाहिजे.

बेल्ट लावला नाही की ते टुंगटुंग वाजतं म्हणून बकलमध्ये नुसती क्लिप अडकवणारे लोक बघितले की माझा जीव वरखाली होतो. 2023 मध्ये सरकारने ऑनलाइन साइट्सना त्या क्लिपा विकायला बंदी केली ते बरंच झालं. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुटते, ती बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली आहे, मोकळा माणूस तिच्यावर आदळला तर तीच त्याच्या जिवावर उठू शकते.

आता मुलं, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे. माझी धाकटी बहीण गणपतीला आली होती, आठ महिन्यांची लेक मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर, मी चालवत होते. बाजारपेठेत कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक मारला, स्पीड 30 पण नसेल. पोरगी बहिणीच्या हातातून निसटली आणि कपाळ डॅशबोर्डला. टेंगळावर भागलं, पण मी, जी लोकांना शिकवते, मी तिला तशी बसू दिली होती, तो आवाज अजून कानात आहे. आया म्हणतात मी घट्ट धरते ना. 50 च्या स्पीडला आदळणं म्हंजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखं आहे, दहा किलोचं बाळ त्या क्षणी दोन-तीनशे किलोच्या जोराने पुढे जातं, ते कुठल्याच आईच्या हातात राहत नाही. आणि आपल्या बेल्टमध्ये बाळाला सोबत गुंडाळणं तर त्याहून वाईट, आपलंच वजन त्याला चिरडतं.

तान्ह्या बाळाला मागच्या सीटवर, गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून चाइल्ड सीटमध्ये बसवा, निदान दोन वर्षांपर्यंत, त्याहून जास्त बसलं तर अजून चांगलं, कारण लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कच्ची, उलटं बसवलं की झटका पूर्ण पाठ घेते. एअरबॅगसमोर पुढच्या सीटवर असली उलटी सीट कधीच ठेवायची नाही. पट्टे एवढे घट्ट की खांद्यावर चिमटीत पकडता येऊ नयेत, थंडीत जाड स्वेटर काढून मग बांधा आणि वरून पांघरूण घाला. सीट बसवल्यावर जिथून बेल्ट जातो तिथे धरून हलवा, एक इंचापेक्षा जास्त हलली तर परत बसवा. अपघात झालेल्या गाडीतली सीट स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

त्यानंतर पुढे तोंड करून पट्ट्यांची सीट, मग बूस्टर, म्हंजे मोठा बेल्ट बरोबर बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक. बूस्टर लोकांना फालतू खर्च वाटतो, कारण मूल सहा-सात वर्षांचं झालं की मोठा बेल्ट लागतो असं दिसतं, पण तो गळ्यावर आणि पोटावर लागतो. साधारण 145 सेंटीमीटर उंची होईपर्यंत बूस्टर लागतं. तपासायचं असेल तर मुलाला मागे टेकून बसवा, पाठ सीटला लागलेली असताना गुडघे सीटच्या कडेला वाकतात का बघा, नाही वाकले तर ते पुढे घसरणार आणि पट्टा पोटावर चढणार. माझी ती भाची आता सात वर्षांची आहे, उंची 120, अजून बूस्टरवरच बसते, आणि यंदा गणपतीला पुण्याहून येताना खंबाटकी घाटात झोप लागली तरी पट्टा खांद्यावरच होता, गळ्यावर नाही, असं बहिणीने पोचल्यावर पहिलं तेच सांगितलं.