ओल्या वाफेचं टर्बाइन

कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांत काम करणारी बरीच मंडळी समोर दिसताहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करू. कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या संचात वाफ २४० बारच्या (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब) आसपास आणि ५६५ अंशांच्या घरात येते. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्या देतात ती सुमारे ४० बारची, २५० अंशांची. म्हणजे संपृक्त वाफ. थोडं काम करून घेतलं की लगेच थेंब धरणारी. अणुवीज केंद्राचं टर्बाइन घडवणाऱ्याची निम्मी डोकेदुखी इथेच सुरू होते.

किलोभर वाफेतून काम कमी मिळतं, म्हणून वाफ जास्त लागते. ७०० मेगावॉटच्या संचाला ताशी पावणेचार हजार टनांच्या घरात, कोराडीच्या एका संचाच्या जवळपास दुप्पट. आत शिरताना किलोला ५० लिटर जागा पुरते, वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरच्या तोंडाशी साधारण १८ हजार लिटर लागते. त्यामुळे शेवटच्या रांगेतली पाती लांबच हवीत, आणि लांब पातं मिनिटाला ३००० फेऱ्यांवर मुळाशी उपटायला बघतं. फ्रान्समधल्या बेलफोर्टला घडणारं अराबेल टर्बाइन म्हणून १५०० फेऱ्यांवर फिरतं. वेग निम्मा केला की त्याच मापाच्या पात्यावरचा ताण चौथा हिस्सा उरतो. मोबदल्यात चार चुंबकीय ध्रुवांचा (पोलचा) जनरेटर आणि अवाढव्य वजन पत्करावं लागतं. कुडनकुलमचे १००० मेगावॉटचे रशियन संच मात्र ३००० वरच धावतात. त्याहून मोठ्या यंत्राला सावकाश फिरणं बरं, असं माझं मत.

आता थेंब. वाफेतलं बारीक धुकं पात्याला फारशी इजा करत नाही. स्थिर पात्यांवर पाण्याचा पातळ थर साचतो आणि त्यांच्या मागच्या कडेवरून मोठे थेंब सुटतात, ते घातक. ते वाफेपेक्षा पुष्कळ संथ असतात, त्यामुळे फिरतं पातंच जाऊन त्यांच्यावर आदळतं. टोकाचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास असेल, तर पुढची कड करवतीसारखी होते. उपाय तीन: स्थिर पातं पोकळ करून फटीतून पाणी शोषून घ्यायचं, दोन रांगांमधलं अंतर वाढवायचं, आणि कडेवर स्टेलाइट या कठीण मिश्रधातूची पट्टी बसवायची. पण स्टेलाइटमध्ये कोबाल्ट असतं. तारापूरच्या १९६९च्या पहिल्या दोन संचांत अणुभट्टीतलीच वाफ टर्बाइनमध्ये येते. अशा ठिकाणी झिजलेलं कोबाल्ट पाण्याबरोबर भट्टीत पोचून किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतं. तिथे पट्टीऐवजी पात्याचीच कड कडक करणं पसंत करतात.

टर्बाइनच्या पहिल्या, उच्च दाबाच्या भागातून (सिलिंडरमधून) बाहेर पडणाऱ्या वाफेत दहा-बारा टक्के पाणी असतं. एका भल्यामोठ्या भांड्यात ते वेगळं काढून ताज्या वाफेने तिला पुन्हा तापवतात. या भांड्यातच एक धोका असतो: ग्रिड तुटून दाब उतरला की आतल्या ओलीचीही वाफ होते आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद असूनही रोटर, म्हणजे टर्बाइनचा फिरणारा भाग, पळवते. म्हणून भांड्यापुढचे व्हॉल्व्हही क्षणार्धात मिटायलाच हवेत.

कारखान्याचा खरा कस रोटरला लागतो. पूर्वी तापवलेल्या डिस्क, म्हणजे पाती धरणाऱ्या चकत्या, दांड्यावर सरकवून थंड करत, बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तसं. डिस्क दांड्यावर घसरून फिरू नये म्हणून मध्ये चावी, म्हणजे पाचर. त्या चावीच्या खाचेत ओल साचते, ताणही तिथेच सर्वाधिक, आणि तडा आतल्या आत वाढतो. इंग्लंडमधल्या हिंकली पॉइंट ए केंद्रात १९६९मध्ये जादा वेगाची चाचणी चालू असताना अशीच एक डिस्क फुटली. त्यानंतर दोन वाटा रुळल्या. एकतर अखंड रोटर. त्यासाठी कित्येक शे टनांचं ओतीव पोलाद लागतं, ज्याची वरची-खालची अशुद्ध टोकं कापून टाकावी लागतात, आणि विरघळलेला हायड्रोजन निर्वातात काढला नाही तर आत बारीक चिरा पडतात. असं ओतकाम करणारे कारखाने जगात मोजकेच. दुसरी वाट लहान तुकडे वेल्ड करून जोडण्याची: प्रत्येक तुकडा आतून नीट तपासता येतो, पण वेल्डनंतरची उष्णता-प्रक्रिया चुकली तर सगळं मुसळ केरात.

पाती बसवलेला रोटर जाड भिंतींच्या बंकरमध्ये, हवा काढून घेऊन, १२० टक्के वेगाने फिरवतात. हवा का काढायची? लांब पाती हवेत घुसळून प्रचंड तापतील आणि फिरवणारी मोटरही पुरणार नाही.

पात्यांचं कंपन दुर्लक्षून चालत नाही. उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ रोजी शेवटच्या रांगेतली दोन पाती थकव्याने तुटली. तोल गेला, जनरेटरचं सील सुटून त्याला थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर आला, तेलाने पेट घेतला, केबल जळाल्या आणि केंद्र सुमारे सतरा तास विजेविना राहिलं. भट्टी मात्र सुखरूप बंद झाली होती. डिस्क फुटलीच, तर तिचे तुकडे फिरण्याच्या पातळीत, म्हणजे दांड्याला काटकोनात उडतात. म्हणून आराखड्यात टर्बाइनचा दांडा शक्यतो भट्टीच्या दिशेने रोखलेला ठेवतात, भट्टीच्या इमारतीला समांतर नव्हे.