वीस खुर्च्यांचं गणित

[दृश्य: सेलम शहर. घुमटावर सोनेरी पुतळा, हातात कुऱ्हाड.]

सेलम ही अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याची राजधानी. विधिमंडळाच्या माथ्यावर हा जो उभा आहे त्याला 'ऑरेगन पायोनियर' म्हणतात. जंगल तोडून इथं पहिली वस्ती करणारा माणूस, म्हणून हातात कुऱ्हाड आणि अंगावर सोन्याचा मुलामा. २०१९ च्या जूनमध्ये त्याच्या पायथ्याशी लाकूड वाहणाऱ्या ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या. भोंगे वाजत होते. ट्रकवाल्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आतले लोक आमच्या पोटावर पाय देणारा कायदा करतायत.

[दृश्य: सिनेटचं सभागृह. रिकाम्या खुर्च्या.]

आत, वरच्या सभागृहात, २० जूनला हजेरी झाली आणि रिपब्लिकन पक्षाचे अकरा सिनेटर गायब निघाले. अध्यक्ष पीटर कोर्टनी यांनी इमारतीत शोध घ्यायला सांगितलं. सापडणार कोण? बरेचसे तोवर राज्याची सीमा ओलांडून शेजारच्या आयडाहोत पोचले होते.

सभात्याग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते घोषणा देत बाहेर पडणं, पायऱ्यांवर कॅमेऱ्यांसमोर उभं राहणं आणि चहा घेऊन परत येणं. आत कामकाज चालूच असतं. ऑरेगनमध्ये तसं नाही. १८५७ साली लिहिलेल्या इथल्या राज्यघटनेत गणपूर्तीची अट दोन-तृतीयांशाची आहे. सिनेटमध्ये तीस खुर्च्या. वीस भरल्या नाहीत तर मतदानच घेता येत नाही. डेमोक्रॅट पक्षाकडे तेव्हा अठरा होत्या.

अठरा जणांचं बहुमत कायदा करायला पुरतं, नवा कर लावायलाही पुरतं, कारण करासाठी तीन-पंचमांश मतं लागतात आणि तीसाचे तीन-पंचमांश म्हणजे नेमके अठरा. पण सभागृह भरवायला मात्र विरोधकांतले दोघं बसायला हवेत. या दोन खुर्च्यांवर पुढची पाच वर्षं या राज्याचं राजकारण फिरत राहिलं.

[दृश्य: डोंगरउतारावरची फरची झाडं. बंद पडलेली लाकूड गिरणी.]

अकरा जण कशावरून निघून गेले? विधेयक होतं कार्बन उत्सर्जनाला कमाल मर्यादा घालणारं. मोठ्या उद्योगांनी आणि इंधन पुरवठादारांनी प्रदूषणाचे परवाने विकत घ्यायचे आणि दरवर्षी ती मर्यादा थोडी थोडी आवळत न्यायची. शहरातल्या माणसाला हे शहाणपणाचं वाटतं. मला स्वतःलाही वाटतं. पण ज्याचा ट्रक दिवसाला शेकडो मैल डोंगरातून फिरतो, त्याला यात फक्त डिझेलचा भाव दिसतो.

आणि त्याच्या डोक्यात जुनं काहीतरी असतं. १९९० साली ठिपक्यांच्या एका घुबडाला, नॉर्दर्न स्पॉटेड आउलला, केंद्र सरकारनं संरक्षित यादीत घातलं. १९९४ मध्ये नवा वन आराखडा आला आणि केंद्राच्या मालकीच्या जंगलांतली तोड एकदम खाली आली. गिरण्या आधीपासूनच यंत्रं आणि बाजारभाव यांनी मेटाकुटीला आल्या होत्या, हे खरं. पण गावात तोंडी राहिला तो घुबडाचा इतिहास. गिरणीला कुलूप लागलं, मग शाळेतली मुलं कमी झाली, मग दुकान गेलं. म्हणून सेलममधून 'पर्यावरण' हा शब्द आला, की तिकडची माणसं आधी खिशावर हात ठेवतात. २०१९ च्या त्या आंदोलनाचं नावच 'टिंबर युनिटी' होतं. लाकूडवाल्यांची एकी.

उजव्यांचा, म्हणजे रिपब्लिकनांचा, दुसरा आक्षेप जास्त तांत्रिक आहे, पण मला तो जास्त वजनदार वाटतो. ऑरेगनमध्ये विधिमंडळानं केलेला कायदा पटला नाही, तर सह्या गोळा करून तो जनमताला टाकण्याचा हक्क लोकांना आहे. त्यासाठी अधिवेशन संपल्यापासून नव्वद दिवस मिळतात. मात्र विधेयकाला 'तातडीचं कलम' जोडलं, की तो हक्क संपला. कायदा थेट लागू. आणि हे कलम पूर-भूकंपापुरतं राहिलेलं नाही, ते सर्रास जोडलं जातं. कार्बनचं विधेयक लोकांच्या मताला टाका, ही तेव्हाची त्यांची मागणी होती. मान्य झाली नाही.

[दृश्य: ऑरेगन-आयडाहो सीमेवरचा महामार्ग.]

गव्हर्नर केट ब्राउन यांनी गैरहजर सिनेटरांना आणायला राज्य पोलिसांना सांगितलं. दिवसाला पाचशे डॉलर दंड लागला. पोलीस पाठवण्याची भाषा आदल्या दिवसापासूनच होती आणि त्यावर ब्रायन बोक्विस्ट नावाचे सिनेटर कॅमेऱ्यासमोर बोलून गेले होते, की मला न्यायला येणारे पोलीस अविवाहित पाठवा आणि भरपूर शस्त्रं देऊन पाठवा. तक्रार कितीही खरी असो, असं एक वाक्य तिला गिळून टाकतं. पुढच्या शनिवारी सशस्त्र गटांच्या धोक्याच्या इशाऱ्यामुळे विधिमंडळाची इमारतच बंद ठेवावी लागली.

तोवर डेमोक्रॅट पक्षातलेच दोन-तीन जण डळमळले होते. विधेयकाला पुरेशी मतं नाहीत, असं कोर्टनींनी सभागृहात जाहीर केलं. रिपब्लिकन २९ जूनला परतले. अधिवेशनाची मुदत ३० जूनची. त्या दीड-दोन दिवसांत शंभराहून जास्त विधेयकं पार पडली. एकेक कायदा किती वाचला गेला असेल, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

२०२० मध्ये त्याच धर्तीचं विधेयक, तसाच सभात्याग, पुन्हा अधिवेशन बुडालं. आणि मार्चमध्ये ब्राउन यांनी कार्यकारी आदेश काढून उत्सर्जन कमी करण्याचं काम सरकारी खात्यांवर सोपवलं. विधेयक अडवणाऱ्यांच्या हाती काय लागलं? विधेयक असतं तर दुरुस्त्या मागता आल्या असत्या, घासाघीस झाली असती. आदेशावर कोण घासाघीस करणार? मग लढाई कोर्टात गेली, नियम प्रक्रियेच्या चुकीवरून २०२३ मध्ये रद्द झाले आणि २०२४ मध्ये नव्यानं आले.

[दृश्य: खालचं सभागृह. ध्वनिवर्धक.]

मधल्या काळातला एक प्रसंग. घटनेनुसार प्रत्येक विधेयक अंतिम मतदानाआधी शब्दन् शब्द वाचायचं असतं. एरवी सगळे संमतीनं ते टाळतात. २०२१ मध्ये रिपब्लिकनांनी ती संमती नाकारली. मग खालच्या सभागृहात वाचनाचं काम संगणकाला दिलं. तासन् तास एक यांत्रिक आवाज कलमं, पोटकलमं म्हणत राहिला आणि ऐकणारं कोणी नाही. शेवटी सभापती टीना कोटेक यांनी सौदा केला: तुम्ही वाचन सोडा, मतदारसंघांच्या पुनर्रचना समितीत आम्ही तुम्हाला बरोबरीच्या जागा देतो. संगणक थांबला. सप्टेंबरमध्ये कोटेक यांनी तो शब्द मागे घेतला. उजव्यांकडे हा किस्सा आजही निघतो आणि निघाला की आवाज चढतो.

कारण ही माणसं हरण्याची सवय झालेली माणसं आहेत. १९८२ नंतर इथं रिपब्लिकन गव्हर्नर निवडून आलेला नाही. हार्नी काउंटी बघा (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं): सव्वीस हजार चौरस किलोमीटर पसारा आणि माणसं साडेसात हजारांच्या आसपास. पोर्टलंड शहर ज्या मल्टनोमा काउंटीत आहे ती क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात लहान, पण लोकसंख्या आठ लाख. लोकशाहीत माणसं मोजतात, एकर नाही, हे उघड आहे. पण सतत मोजणीत हरणाऱ्यानं करायचं काय, याचं उत्तर त्यात मिळत नाही.

[दृश्य: पोर्टलंडचा रस्ता, पदपथावरचे तंबू.]

आणि मग 'आम्ही सांगत होतो' असं म्हणायची संधी त्यांना मिळाली. नोव्हेंबर २०२० मध्ये ऑरेगनच्या मतदारांनी 'मेझर ११०' हा प्रस्ताव सुमारे अठ्ठावन्न टक्के मतांनी मंजूर केला. हेरॉइन असो की मेथ, स्वतःपुरता थोडा साठा बाळगणं हा गुन्हा राहिला नाही. शंभर डॉलरची पावती. तीही एका मदत क्रमांकावर फोन करून तपासणी करून घेतली तर माफ. पोलिसानं पदपथावर एखाद्याला पावती द्यायची, त्यानं ती खिशात कोंबायची, आणि विषय संपला. फोन फार थोड्यांनी केले. उपचार केंद्रांचे पैसे उशिरा पोचले आणि त्याच सुमाराला रस्त्यावर फेंटानिल हे हेरॉइनहून जहाल कृत्रिम ड्रग आलं. त्यातला कोणता दोष कायद्याचा आणि कोणता काळाचा, हे वेगळं काढणं अवघड आहे. राजकारणात तेवढं थांबायला कोणाला वेळ नसतो. २०२४ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून साठा बाळगणं पुन्हा गुन्हा ठरवलं आणि १ सप्टेंबरपासून ते लागू झालं. त्यावर सही करणाऱ्या गव्हर्नर होत्या त्याच टीना कोटेक.

एक गोष्ट मात्र उजवे पटकन सांगत नाहीत. 'मेझर ११०' विधिमंडळानं केलेला नव्हता, तो थेट जनमतानं आला होता. कार्बनच्या वेळी 'लोकांना विचारा' म्हणणाऱ्यांना हा प्रश्न टोचायला हवा.

[दृश्य: २०२३. पुन्हा रिकाम्या खुर्च्या.]

मे २०२३. या वेळचं मुख्य कारण गर्भपात आणि लिंगबदलाच्या उपचारांविषयीचं विधेयक; जोडीला बंदुकींवरच्या निर्बंधांचं दुसरं. ऑरेगनमध्ये वैद्यकीय उपचारांना स्वतः संमती देण्याचं वय पंधरा आहे. मूळ विधेयकात गर्भपातासाठी ही वयाची अटच नव्हती. बारा-तेरा वर्षांच्या मुलीवरचे उपचार आईबापांना न सांगता? ग्रामीण भागात याहून दुसरं काही बोलावं लागलं नाही. समर्थक म्हणत, ज्या घरात बापच गुन्हेगार आहे तिथं मुलीनं कोणाला सांगायचं? दोन्ही प्रश्न खरे आहेत.

पण सभागृहात गैरहजर राहण्याचं अधिकृत कारण त्यांनी वेगळंच दिलं. सिनेटमधले रिपब्लिकन नेते टिम नॉप यांनी १९७९ चा एक विसरलेला कायदा बाहेर काढला. प्रत्येक विधेयकाचा सारांश आठवी-नववी शिकलेल्याला समजेल अशा भाषेत हवा, असं त्यात म्हटलेलं आहे. भाषा किती सोपी, हे मोजायला गुणांकनाची पद्धतसुद्धा ठरवलेली आहे, साठ गुण मिळायला हवेत. चाळीस वर्षं दोन्ही पक्षांनी या कायद्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. निमित्तच होतं ते. तरी सांगतो, या सगळ्या प्रकरणातली मला सगळ्यात आवडलेली तक्रार हीच. कायद्याची भाषा कळत नाही म्हणून सभागृह बंद पाडणारे लोक मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

बंद सहा आठवडे चालला. १५ जूनला तडजोड झाली. पंधरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत पालकांना वगळायचं असेल तर काही वेळा दुसऱ्या ठिकाणच्या वैद्यकीय तज्ज्ञाचंही मत घ्यावं लागेल, असं कलम आलं. बंदूक खरेदीचं वय वाढवण्याची तरतूद गळाली. म्हणजे काहीतरी मिळालं. त्याची किंमत पुढे द्यावी लागली.

[दृश्य: मतपत्रिका. कोर्टाची इमारत.]

वारंवारच्या सभात्यागाला वैतागून मतदारांनी २०२२ मध्येच घटनादुरुस्ती केली होती. दहा दिवस विनापरवानगी गैरहजर राहिलात तर पुढची निवडणूक लढवता येणार नाही. तिला अडुसष्ट टक्क्यांच्या घरात मतं पडली. एवढी मतं एकट्या डेमोक्रॅटांची असूच शकत नाहीत. तरी दहा सिनेटरांनी मर्यादा ओलांडली. त्यांचा भरवसा होता व्याकरणावर.

दुरुस्तीत लिहिलं होतं, 'सध्याची मुदत संपल्यानंतरच्या निवडणुकीनंतरच्या मुदतीसाठी' अपात्र. आता निवडणूक होते नोव्हेंबरमध्ये आणि मुदत संपते जानेवारीत. म्हणजे मुदत संपल्यानंतरची निवडणूक ही येती नाही, त्यापुढची. मग येती एक आम्ही लढवू शकतो! शब्दाला शब्द लावला तर युक्तिवाद चूक नव्हता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १ फेब्रुवारी २०२४ ला एकमतानं सांगितलं, की मतदारांसमोर मतपत्रिकेवर आणि माहितीपुस्तिकेत जो अर्थ ठेवला होता तो धरायचा. दहाही जण अपात्र. कायदा सोप्या भाषेत लिहा म्हणून अडून बसलेले लोक शेवटी एका अवघड वाक्याच्या आधारानं वाचू पाहत होते.

[दृश्य: जुनं कोरीव चित्र, मग टेक्सासचं विधानभवन.]

हे हत्यार मुळात उजव्यांचं नाही. २००१ मध्ये ऑरेगनमध्ये डेमोक्रॅटच निघून गेले होते. टेक्सासमध्ये ते २००३, २०२१ आणि २०२५ मध्ये पळाले, इंडियानात २०११ मध्ये. तिथं बहुमत रिपब्लिकनांचं. १८४० मध्ये इलिनॉयमध्ये गणपूर्ती मोडायला एका तरुण आमदारानं खिडकीतून उडी मारली होती. त्याचं नाव अब्राहम लिंकन. उडी वाया गेली, डोकी आधीच मोजून झाली होती. सेलममध्ये ज्याला पळपुटेपणा म्हणतात त्यालाच टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये, धैर्य म्हणतात. पक्ष उलटा केला की विशेषणं उलटी.

[दृश्य: पूर्व ऑरेगन. गवताळ माळ, काटेरी तार, लांबवर एक घर.]

खुर्ची सोडून जाता येत नसेल, तर राज्यच सोडू, असंही काही जण म्हणतात. 'ग्रेटर आयडाहो' नावाची चळवळ आहे. माणसांनी हलायचं नाही, सीमा हलवायची. २०२४ पर्यंत पूर्वेकडच्या तेरा काउंट्यांमध्ये या बाजूचे कौल आले. आयडाहोच्या खालच्या सभागृहानं २०२३ मध्ये बोलणी करायला होकाराचा ठरावही केला. प्रत्यक्षात त्यासाठी दोन्ही राज्यांची विधिमंडळं आणि अमेरिकेची काँग्रेस, तिघांची संमती लागते. म्हणजे सेलमची परवानगी हवी. ज्या सभागृहात आपलं चालत नाही म्हणून जायचं, तिथंच अर्ज करायचा.

[दृश्य: जानेवारी २०२५. सिनेटमधला शपथविधी.]

अपात्र ठरलेल्यांपैकी सहा जणांची मुदत संपत होती, त्यांच्या जागी २०२४ च्या नोव्हेंबरात नवे लोक निवडून आले. एकाच्या खुर्चीवर त्याची बायको आली, एकाच्या खुर्चीवर मुलगा. बेंड शहराची जागा टिम नॉप यांची होती. ती डेमोक्रॅटांनी घेतली. तीसपैकी त्यांच्याकडे पुन्हा अठरा झाल्या.