कोणाकडून? फर्स्ट बेसकडून

(काळी स्क्रीन. फक्त आवाज. टणकन बॅट लागते, मग पोरांचा गलका.)

गावात नवीन माणूस असेल तर हा आवाज ऐकून त्याला वाटतं कोणाच्या तरी हातून हंडा पडला. ॲल्युमिनियमची बॅट आहे ती. रत्नागिरी तालुक्यातलं एक शाळेचं ग्राउंड, शाळेचं नाव मुद्दाम घेत नाही, आणि 14 वर्षांखालच्या पोरांची बेसबॉलची मॅच. हो, बेसबॉल, कोकणात. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आहे, सॉफ्टबॉल आहे, निम्म्या गावाला पत्ता नसतो पण जिल्ह्याला जिंकलेली टीम कोल्हापूर विभागाला जाते, तिथून स्टेटला, आणि वरचं सर्टिफिकेट हातात आलं की दहावी-बारावीला सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण. म्हणजे ते कडेला छत्र्या घेऊन उभे असलेले आईबाप नुसती गंमत बघायला आलेले नाहीत, हे डोक्यात ठेवा.

(क्लोजअप. लाल चिखल, पांढरी प्लेट, ब्रश.)

हे सर. पीटी शिकवतात आणि शनिवार-रविवार अंपायरिंग करतात. मानधन इतकं की रिक्षाभाडं गेलं की चहापुरतं उरतं. होम प्लेट, म्हणजे जिथे बॅटिंग होते आणि बेसला फेरी मारून परत पोचलं की रन, ती 17 इंच रुंद, पाच कोनी, रबराची, आणि आपल्या जांभ्याच्या मातीत ती दर दोन बॉलला गायब होते. मग सर बॉल टाकणाऱ्या पिचरकडे पाठ करून वाकतात आणि दोन इंची रंगाच्या ब्रशने ती झाडतात, घरी खिडक्या रंगवून झाल्यावर उरलेला ब्रश आहे तो. डाव्या हातात इंडिकेटर असतो, बॉल-स्ट्राइक-आऊट मोजायची छोटी डबी, चाकं फिरवायची. खाऱ्या हवेने त्यातलं आऊटचं चाक गंजून बसलंय. त्यामुळे आऊट सर काजूच्या बियांवर मोजतात, एक आऊट झाला की एक बी उजव्या खिशातून डाव्या खिशात. तीन बिया डावीकडे गेल्या की साईड चेंज. मी विचारलं नवीन का घेत नाही, तर म्हणाले, "बी कधी गंजताना बघितलीस?"

आता क्रिकेट बघून मोठ्या झालेल्या माणसाला एक गोष्ट सांगायला लागते. क्रिकेटमधला अंपायर सांगतो कधी? विचारलं की. अपील झालं तर बोट वर करायचं, कोणी विचारलंच नाही तर बॅट्समन आऊट असला तरी खेळत राहतो. बेसबॉलमध्ये तसं नाही. पोराने बॅट फिरवली नाही तर दर बॉलला, न विचारता, मोठ्याने सांगायचं की हा स्ट्राइक का बॉल. स्ट्राइक झोन म्हणजे खांदे आणि पँटचा वरचा काठ याच्या मधोमध एक रेघ, आणि खाली गुडघ्याच्या वाटीखालचा खळगा, एवढ्या उंचीचा, रुंदी प्लेटएवढी. त्या खिडकीतून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. आता बारा वर्षांचं पोर वाकून उभं राहिलं की ती खिडकी केवढी होते विचार करा. त्यात ते पोर उंचीने वेगळं, पुढचं वेगळं, म्हणजे प्रत्येक पोराला नवीन खिडकी. आणि ती सरांशिवाय कोणाला दिसत नाही! कडेला उभ्या आजोबांना मात्र पन्नास फुटांवरून, छत्रीखालून, स्वच्छ दिसते.

एका मॅचमध्ये किती वेळा सांगता, विचारलं. सर म्हणाले, दोनशे वेळा तरी होत असेल.

दोनशे वेळा न विचारता मत देणारा हा माणूस चहाला बसला की शंभर वेळा विचारलं तरी तोंड उघडत नाही. हा व्हिडिओ त्याच्यावर आहे. आधी मी नुसता "कोकणातला बेसबॉल" असा करणार होतो, पण शूट करताना लक्षात आलं की खरी मॅच शेडखाली होते.

(फर्स्ट बेस. दुसरे अंपायर, डोक्याला रुमाल.)

हे भाय. सगळे भायच म्हणतात. वायरिंगची कामं करतात, शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले, आता बेस अंपायर, फर्स्ट बेसला, म्हणजे बॅट मारून पळणाऱ्या पोराच्या पहिल्या थांब्याला. भाय मला म्हणाले, "फर्स्ट बेसला डोळ्याने बॉल बघायचाच नाय." मग? डोळे रनरच्या पायावर आणि कान बॉलवर. पाय बेसला लागताना दिसतो, बॉल ग्लव्हमध्ये पडताना ऐकू येतो, आधी दिसलं तर सेफ, आधी ऐकू आलं तर आऊट. मी डोळे मिटून करून बघितलं, जमत नाही. आणि लोक जे ओरडतात ना, संशयाचा फायदा बॅट्समनला, तो क्रिकेटचा संस्कार. भाय म्हणतात, "संशय असला तरी तो माझ्या पोटात, हात एकदाच वर करायचा."

तर सरांचं मौन. 2023 च्या एप्रिलमध्ये बारसूला माती परीक्षण चालू होतं, रिफायनरीचं, राजापूर तालुक्यात. आधी नाणार, ते 2019 ला रद्द झालं, मग बारसू, त्याच सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कातळशिल्पं पण आहेत. त्या दिवसांत इथे तुम्ही कुठेही बसा, सलूनमध्ये बसा, तेराव्याला बसा, दुसरा विषय नव्हता. सर एका सरावाच्या मॅचला चहा पिता पिता काहीतरी बोलून गेले, एकच वाक्य. काय बोलले, बाजूने का विरोधात, ते मी सांगणार नाही, कारण सांगितलं तर तुम्ही पण उरलेला व्हिडिओ त्याच चष्म्यातून बघणार. दुपारी होम प्लेटला एक पोरगा स्लाईड करत आला, धुरळा उडाला, सर नेहमीसारखे क्षणभर थांबले, धुरळा बसू दिला, आणि आऊट दिला. भाय सांगतात आऊटच होता, टॅग, म्हणजे बॉल धरलेला ग्लव्ह, आधीच मांडीला लागला होता. पोराचा बाप तिकडच्याच एका गावचा. तो ओरडला नाही वगैरे. फक्त म्हणाला, "हां, तुम्ही आऊटच देणार."

सर म्हणतात शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवी विसरता येते. या वाक्याने सकाळी दिलेले सगळे कॉल पण उलटे फिरले, आणि पुढचे येणारे सगळे.

तेव्हापासून बंद. शिवसेनेच्या दोन आधीच झाल्या होत्या, मग राष्ट्रवादीच्या दोन झाल्या, धनुष्यबाण, मशाल, घड्याळ, तुतारी, शेडखाली सगळं झालं, सर आपले मास्कचे पट्टे घट्ट करत बसलेले. गंमत म्हणजे न बोलण्याचे पण अर्थ निघतात. एक गट म्हणतो सर गप्प आहेत म्हणजे आतून आपलेच, दुसरा गट पण तेच म्हणतो. मला विचाराल तर हे मौन थोडं सोयीचं पण आहे, ते सरांना परवडतं. सगळ्यांना परवडत नाही, त्याच्यावर येतोच.

तिकडे अमेरिकेत, जिथला हा खेळ, तिथे तरी काय वेगळं आहे. लिटल लीग ही पोरांची लीग 1939 पासून चालू, पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये सुरू झाली, तिच्या वर्ल्ड सिरीजचे अंपायर आजही पैसे न घेता येतात. आणि 2023 मध्ये न्यू जर्सीतल्या डेप्टफर्ड गावात आईबापांच्या शिव्यांना कंटाळून अंपायर सोडून जायला लागले तेव्हा लीगने नियम केला की जो पालक अंपायरला शिव्या देईल त्याने आधी तीन मॅच स्वतः अंपायरिंग करायचं, मगच परत मॅच बघायला यायचं. हे सरांना सांगितलं तर त्यांचा चहा नाकात गेला. म्हणाले, "इथे लावला तर तालुक्याला अंपायर कधी कमी पडणार नाहीत." आणि मेजर लीगमध्ये 2026 पासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला चॅलेंज करता येतं, कॅमेऱ्यावर बघून मशीन सांगणार. ते ऐकून भाय म्हणाले, "मशीनला कोण विचारणार नाय तू कोणाचा म्हणून."

(पाऊस. पत्र्याचा आवाज. शेडखाली गर्दी.)

तारीख 27 सप्टेंबर 2025, शनिवार, नवरात्र चालू. दुसऱ्या दिवशी दुबईत आशिया कपची फायनल, भारत-पाकिस्तान, आणि त्या स्पर्धेत आपल्या टीमने हात मिळवला नाही त्याच्यावर पंधरा दिवस नुसता धुरळा. चौथ्या इनिंगला पाऊस आला. बेसबॉलमध्ये पावसाने थांबलेली मॅच लगेच रद्द करायची नसते, किमान अर्धा तास वाट बघायची. म्हणजे अर्धा तास, पत्र्याची शेड, तीस माणसं, चहा आणि कांदाभजी. मी रेकॉर्डर चालूच ठेवला होता.

सुरुवात बघा कशी झाली. एक पालक टॉवेलने ओला बॉल पुसत होते, त्यांनी टाके मोजले, पोराला विचारलं किती असतात रे. पोरगा म्हणाला 108. झालं! जपमाळेत पण 108 मणी, म्हणजे बघा आपल्या लोकांना आधीच माहीत होतं. भाय म्हणाले, "आमच्या तस्बीला 99, नऊ टाके उसवा मग आमचा पण बॉल." सगळे हसले, मी पण. खरं तर ते 108 जोडटाके आहेत, सुटे मोजले तर 216, पण त्या क्षणी हे सांगायची कोणाची हिंमत. मग उपासावर आले, सरांचा नऊ दिवसांचा उपास, भज्यांकडे बघत पण नव्हते. मग रोज्याला पाणी पण नाही ना भाय, गिळायची थुंकी पण नाही म्हणतात, खरं काय. हातीसच्या पीर बाबरशेखांच्या उरसाला कोण कोण जातं ते निघालं, तर अर्धी शेड जाऊन आलेली. इथपर्यंत छान चाललं होतं. तिथून भोंगे. भोंग्यावरून कोणी म्हणालं डीजे पण बंद करा मग, त्याच्यावरून शिमग्याला हात लावायचा नाय हां, त्यावरून कुठला पक्ष काय बोलला, त्यावरून झेडपीचं तिकीट, हायवेचे खड्डे, मुंबई-गोवा कधी होणार, आणि मग एकदम उद्याची फायनल.

रेकॉर्डिंगवर टाक्यांपासून फायनलपर्यंत अकरा मिनिटं आहेत.

आणि मग एक जण, हसत, भज्याचा हात पुसत: "काय भाय, उद्या कोणाकडून?"

शेडखाली हसू आलं. मी पण हसलो. रेकॉर्डिंगमध्ये माझं हसू ऐकू येतं, काढून टाकणार होतो, ठेवलंय. भाय पण हसले, लगेच, इतक्या लगेच की उत्तर तयार होतं हे कळलं. म्हणाले, "मी? मी फर्स्ट बेसकडून."

अजून हसू. आणि तोच माणूस परत, "नाय नाय, तसं नाय, खरं सांगा."

(सर खांबाला टेकून उभे. मास्क काखेत.)

आता आवाज ऐका. हा सरांचा प्लेटमागचा आवाज आहे, शेडखाली तो आवाज कधी कोणी ऐकला नव्हता. दोन्ही हात वर, पंजे उघडे, खेळ थांबवायची खूण, "टाइम!"

पत्र्यावर पाऊस, बाकी काही नाही. मग मागून एक आजोबा, "अवो सर, मॅच बंदच हाय की, कसला टाइम?"

सर काही बोलले नाहीत. मास्क पुसायला घेतला. नंतर मी गाठलं, म्हटलं तुम्ही तर दोन वर्षं बोलत नाही कोणाच्या मधे. म्हणाले, "तोंडातून गेलं. बाहेरचा बॉल होता."

भायना पण विचारलं, त्रास होतो का. त्यांनी खांदे उडवले. रोज नाही विचारत, म्हणाले, मॅच असली की, वर्षातून दोन-तीनदा. आणि ज्याने विचारलं त्याच्याच स्कूटीवरून त्यांची मुलगी रोज शाळेत जाते, त्याच्या पोरीबरोबर, तिघं ट्रिपल. "म्हणून तर बोलायला येत नाय काय," एवढं म्हणाले आणि कॅमेऱ्याकडे हात केला, बंद कर.

पाऊस गेला, फक्की परत मारली, मॅच संपली. दोन्ही टीम ओळीत उभ्या राहिल्या आणि समोरासमोरून जात हातावर हात, गुड गेम गुड गेम गुड गेम, कोणाचं लक्ष नव्हतं, शेडखाली परत चहा आला होता.

(बाकडं. कटिंगचे ग्लास. भायचे हात.)

हा शेवटचा शॉट. तो स्कूटीवाला माणूस भायच्या बाजूला येऊन बसला, मगासचं काही नाही काढलं त्याने, म्हणाला एक सांगा, माझा पोरगा तीन स्ट्राइक होऊन पण पळाला कशाला, आऊट ना तो? भायनी चार ग्लास हिऱ्यासारखे मांडले. हे होम, हे फर्स्ट, सेकंड, थर्ड. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या, म्हणजे मागच्या कीपरच्या, हातातून खाली पडला, आणि फर्स्ट बेस रिकामा असला तर बॅट्समन पळू शकतो, त्याला बाद करायला बॉल आधी तिथे पोचला पाहिजे. आणि फर्स्टला रनर असला तर? तर नाय, आऊट. पण दोन आऊट झालेले असले तर परत पळू शकतो. ऑ? असं कसं? थांबा, म्हणून भायनी प्लेटमधली तीन भजी उचलली, एक एक ग्लासासमोर ठेवली, हे बघा, आता बेस लोडेड, तिन्ही बेसला रनर, दोन आऊट, काय करेल तुमचा पोरगा?

माणूस बराच वेळ बघत बसला. भाय चहावाल्याला पैसे द्यायला उठले. परत येऊन बघतात तर थर्ड बेसवरचा रनर नाही.